कागदावर आलेलं घर

हातात कागद आला की आमच्या शेजारचे काका तो आधी उलटा करत. पुढे काय लिहिलंय याची त्यांना घाई नसे. लग्नाची पत्रिका असो, गुरांच्या डॉक्टरचं कार्ड असो की पंचायतीची नोटीस, हात लांब करून, मान मागे घेऊन ते पाठची बाजू न्याहाळत. ती कोरी निघाली की जरा हिरमुसत आणि मग कागद माझ्याकडे देऊन विचारत, "फुडें कितें बरयलां?"

पुढच्या बाजूला लोक आपल्याला बरं वाटेल ते लिहितात आणि पाठच्या बाजूला त्यांना हवं ते, असा त्यांचा अनुभव होता. तिसरी इयत्ता शिकलेल्या माणसाचा हा अनुभव. मी अर्धं आयुष्य छापील पानं वाचण्यात घालवलं, पण वाचनाचा इतका उपयोगी नियम मला कोणी शिकवला नव्हता. शिकवला तेव्हा मी तो पाळला नाही, ते पुढे येईलच.

डिचोलीहून आम्ही पेडणे तालुक्यात गेलो ते बायकोच्या बदलीमुळे. ती शाळेत शिकवते. मी मुद्रितं तपासतो. पुण्याचे प्रकाशक पुस्तकांची पानं संगणकावर पाठवतात, मी चुका काढून परत करतो. घर बदलायचं ठरलं तेव्हा बायकोने पाणी, छप्पर आणि शाळेचं अंतर पाहिलं. मी इंटरनेटची वायर पाहिली. ती नव्हती. घर मात्र सुरेख होतं. चोपड्याजवळ नदीच्या अंगाला माडांचं मोठं भाट, म्हणजे बाग, आणि तिच्या आत कौलारू घर. पुढे बसायला ऐसपैस सोपा. जनेल उघडलं की माडांच्या मधून पाणी दिसे. भाटकार, म्हणजे त्या साऱ्या जमिनीचे मालक, म्हापशाला राहत. त्यांना घर भाड्याने द्यायचं होतं, आम्हाला हवं होतं.

रस्ता आणि आमचं घर यांच्या मध्ये काकांचं घर होतं. चिऱ्यांच्या दोन खोल्या, पुढे तुळस, बाजूला एक गाय. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस काकांच्या दारावरूनच येई आणि बहुतेक जण तिथेच अर्धा तास अडकत.

या घरावर पेडण्याला मामलेदारासमोर खटला चालू होता. दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्याला आमच्याकडे मुंडकार म्हणतात आणि कायद्याने त्याला ते घर आपल्या नावावर करून घेता येतं. त्यासाठी ते घर आहे, आणि तो त्यात आपल्या हक्काने राहतो, हे शाबीत करावं लागतं. भाटकारांचं म्हणणं होतं की ती नारळ ठेवायची खोप आहे आणि हा आम्ही ठेवलेला राखणदार. काकांचं म्हणणं होतं की आपण तिथे जन्मलो. धड कागद दोघांकडेही नव्हता. फरक इतकाच की भाटकारांना त्याची गरज नव्हती.

म्हणून काका कागद जमवत. जाड प्लास्टिकच्या पाइपाचा हातभर तुकडा, त्याला दोन्हीकडून टोपणं, आणि आत गुंडाळी. पाइपात वाळवी शिरत नाही आणि पाऊसही. तो आढ्याला टांगलेला असे. त्यात रेशनकार्ड होतं, मतदानाच्या चिठ्ठ्या होत्या, गाईच्या लसीचं कार्ड होतं, आणि त्यांच्या नावाने आलेल्या लग्नपत्रिका होत्या. विजेचं बिल भाटकारांच्या नावावर येई आणि घरपट्टीही. कोणी काही नवीन सांगितलं की काकांचा एकच प्रश्न असे. "कागदार आयलां?" मंत्र्याने रस्त्याचं आश्वासन दिलं, कागदार आयलां? शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, कागदार आयलां? एकदा मी त्यांना म्हटलं की उद्या वादळ येणार आहे. त्यालाही तेच.

भाटकारांबद्दल सांगायचं तर माणूस अत्यंत सभ्य. त्यांच्या पत्रकागदाचा वरचा अर्धा भाग त्यांच्या पदांनी भरलेला असे, पत्राला खालचा अर्धा उरे. कोकणीच्या सभेत ते कोकणीसाठी गहिवरत आणि मराठीच्या सभेत मराठीसाठी. माती हा शब्द दोन्हीकडे एकच असल्यामुळे भाषण बदलावं लागत नसे. तुम्हीही अशा सभांना गेला असाल आणि टाळ्या वाजवल्या असतील. मी वाजवल्या आहेत.

तर वायर. मी चौकशी केली तेव्हा तीन मार्ग निघाले. पहिला जुन्या टेलिफोनचा. त्याची तार खरोखरच आमच्या भाटात आली होती आणि एका फणसावर संपली होती. कचेरीत विचारलं तर म्हणाले, लाइन आहे, फक्त चालू नाही. दुसरा मार्ग मोबाइलचा. त्याची रेंज भाटात एकाच ठिकाणी मिळे, विहिरीच्या कठड्यावर. चार दिवस मी तिथे संगणक मांडीवर घेऊन बसलो. काका पाणी काढायला येत आणि मला धक्का लागू नये म्हणून कळशी डोक्याच्या वरून फिरवत. तिसरा मार्ग खासगी कंपनीच्या फायबरचा. तो रस्त्यावरच्या खांबापर्यंत आला होता.

हे तिन्ही मी काकांना समजावून सांगितले. वेग, खात्री, पावसात काय होईल, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की बिल कशावर येतं. मोबाइलचं बिल कागदावर येत नाही म्हटल्यावर तो मार्ग त्यांच्यापुरता बाद झाला. जुन्या टेलिफोनचं बिल सरकारी कागदावर येतं हे कळल्यावर त्यांनी त्याची जोरदार शिफारस केली. लाइन चालत नाही याकडे मी लक्ष वेधलं, पण बिल येतं ना, असा त्यांचा चेहरा होता.

आठ दिवसांनी ते सदरा घालून आमच्या सोप्यावर आले. सदरा म्हणजे काम गंभीर. त्यांना आपल्या नावाने एक कनेक्शन हवं होतं. घरात टीव्ही नव्हता, साधा फोनही नव्हता. त्यांना हवा होता तो महिन्याला येणारा कागद, ज्यावर त्यांचं नाव असेल आणि खाली या घराचा पत्ता. मामलेदारासमोर ठेवायला.

आता जन्मापासून राहत असल्याचं परवाच्या बिलाने काय शाबीत होणार, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. कंपनीत विचारलं. ते म्हणाले, घरपट्टीची पावती आणा, नाहीतर मालकाचं पत्र. म्हणजे घर आपलं असल्याचा कागद मिळवायला आधी घर आपलं असल्याचा कागद हवा. हे काकांना सांगताना मला लाज वाटली. त्यांना नवल वाटलं नाही. ते हे वाक्य वेगवेगळ्या कचेऱ्यांत ऐकत आले होते.

माझ्या कनेक्शनसाठीही मालकाचं पत्र लागत होतं. भाटकारांनी ते त्याच दिवशी दिलं. फोनवर म्हणाले, तुमच्यासारख्या साहित्यसेवकाला अडचण होता कामा नये. फक्त फॉर्मची एक प्रत आमच्याकडेही राहू द्या, रेकॉर्डला. मला तो मोठ्या माणसाचा व्यवस्थितपणा वाटला.

वायर लावायला आला तो बेळगावकडचा माणूस. दोन मुलांचा बाप, काम चोख. त्याने खांबापासून आमच्या घरापर्यंत पावलं मोजली आणि मान हलवली. इतकी लांब वायर अधांतरी सोडता येत नाही, मध्ये आधार हवा. नवा खांब पुरायचा तर कंपनीकडून मंजुरी यायला दोन महिने. माडाला बांधायची तर माकडं. तो डोकं खाजवत असताना काका मागे येऊन उभे राहिले.

"म्हज्या घराच्या भिंतीक लाव," ते म्हणाले. "पूण कागदार येवंक जाय."

येणारच होतं. फॉर्मच्या पाठीमागे नकाशा काढायची जागा असते. त्याने पट्टी न घेता सरळ रेघा ओढल्या. रस्ता, खांब, आमच्या घराचा मोठा चौकोन, मध्ये काकांच्या घराचा लहान चौकोन, त्याच्या कडेवर हुकाची खूण, आणि या सगळ्यातून जाणारी वायर. मग प्रत्येक चौकोनात इंग्रजीत शब्द लिहिले. मोठ्यात हाऊस. लहानात शेड.

मी तो शब्द वाचला. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे मला हा प्रश्न विचारला गेला. काका गाईला बाजूला बांधायला गेले होते. मी हळूच म्हटलं, अहो, ते घर आहे, माणूस राहतो तिथे.

"म्हाईत हाय की सर," तो म्हणाला. "पर घर लिवलं की त्या घराच्या मालकाची येगळी सही लागतीय. आणि त्यो मालक हाय म्हणून कागद. हाय का त्यांच्याजवळ?"

नव्हता.

"मग शेड लिवूया. शेडला कोण काय विचारत न्हाई."

माझ्याकडे पुण्याहून आलेलं नागरिकशास्त्राचं पुस्तक पडून होतं. विहिरीच्या कठड्यावर बसून त्याचे दोन धडे झाले होते, बारा बाकी होते, आणि प्रकाशक रोज विचारत होता. मी म्हटलं, राहू द्या.

काका हात पुसत आले. फॉर्म सहीसाठी माझ्या हातात होता. त्यांनी तो घेतला आणि लगेच उलटा केला. या वेळी पाठ कोरी नव्हती. त्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. मग लहान चौकोनावर बोट ठेवलं. नखाखाली शेण होतं, म्हणून बोट कागदाला टेकवलं नाही, जरासं वर धरलं.

"हें म्हजें?"

"होय काका. तुमचंच घर."

त्यांनी काही विचारलं नाही. आत गेले आणि वायरवाल्यासाठी शहाळं घेऊन आले. मी पुढे सही केली, पाठीमागेही केली. एक प्रत कंपनीला, एक मला, एक म्हापशाला.

त्यानंतर दोन वर्षं माझं सगळं काम काकांच्या भिंतीवरून गेलं. नागरिकशास्त्राचं पुस्तक, त्यातला हक्कांचा धडा धरून, त्याच हुकावरून पुण्याला पोचलं. काकांनी वायरची जबाबदारी आपणहून घेतली होती. भाटात नारळाचा टेम्पो येई तेव्हा ते एक लांब बांबू घेऊन उभे राहत आणि टेम्पो जाईपर्यंत वायर उचलून धरत. वारा सुटला की माझ्या आधी ते बाहेर. ओसरला की सोप्याच्या पायरीवर येऊन विचारत, "चलता मरे?" चालतं म्हटलं की परत जात. इंटरनेट म्हणजे काय हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. आपल्या भिंतीचा त्याला उपयोग होतो, एवढं त्यांना पुरेसं होतं.

रस्त्याने जाणाऱ्यांना ते हूक दाखवत. कंपनीच्या कागदावर आपलं घर आलं आहे असं सांगत. ऐकणारे मान डोलावत. मीही एकदोनदा डोलावली. दोन वर्षांत तो शब्द बदलून घेता आला असता. एक अर्ज, फार तर दोन फेऱ्या. दुसऱ्याच्या पुस्तकातला चुकलेला काना मला स्वस्थ बसू देत नसे, पण हा अर्ज मी दर महिन्याला पुढच्या महिन्यावर ढकलला.

खटल्याची तारीख लागली तेव्हा काकांच्या वकिलाने मला साक्षीला यायला सांगितलं. शिकलेला माणूस, भाटकारांचाच भाडेकरू, दोन वर्षांचा शेजारी. माझ्यासारखा साक्षीदार मिळायचा नाही असं त्याचं म्हणणं. काका पाइप खांद्याला लावून आले होते. त्यांनी टेबलावर कागद मांडले, पण वर्षानुवर्षं गुंडाळलेले असल्यामुळे ते सोडले की पुन्हा गुंडाळी होत. मामलेदारांनी पेपरवेट ठेवला, दुसऱ्या टोकाला स्वतःचा चष्मा ठेवला. गाईच्या लसीचं कार्डही त्यांनी नीट वाचलं. माणूस वाईट नव्हता.

मग भाटकारांच्या वकिलाने एक कागद काढला आणि अदबीने काकांच्या हातात दिला. हे ओळखता का, म्हणाला.

काकांनी तो उलटा केला.

त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरच्या बाजूच्या वकिलाने त्यांच्या कामाचा कागद काढला होता. स्वच्छ बोट त्यांनी या वेळी कागदावर टेकवलं आणि मामलेदारांना दाखवलं. "हें म्हजें घर. हो खांबो, ही वायर. ह्या बाबाक विचारा, तो थंयच आशिल्लो."

वकिलाने विचारलं, तुम्ही राहता ते हेच, नक्की? काका म्हणाले, हेच. वकील म्हणाला, लिहून घ्या. आणि मग चौकोनातला शब्द वाचला.

मला पुढे बोलावलं. सही तुमची? माझी. त्या वेळी हा शब्द तिथे होता? होता. वाचला होता? नाही म्हणता आलं असतं. पण काका माझ्याकडे बघत होते, तशीच मान मागे घेऊन.

"वाचला होता," मी म्हटलं.

"आपला व्यवसाय?"

"मुद्रितं तपासतो."

"म्हणजे काय करता?"

"छापायच्या आधी चुका काढतो."

वकील आभार मानून बसला. मी मामलेदारांना सांगितलं की ते घर आहे, तिथे चूल आहे, तिथे मी जेवलो आहे. ते म्हणाले, हे तुम्ही आज सांगताय. ते तुम्ही तेव्हा सही करून दिलंय.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते, पाइप दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून. चोपडे जवळ आल्यावर त्यांनी विचारलं,

"शेड म्हणल्यार खोप?"

मी होय म्हटलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुका वाचूंक येता मरे?"

त्यात टोमणा नव्हता. खरोखर एक गोष्ट पडताळून पाहिल्यासारखं विचारलं. मी पुन्हा होय म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघू लागले.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हा का नाही सांगितलंस?" आणि वह्या तपासायला बसली. त्या आठवड्यात ती एरवीपेक्षा खूप वह्या तपासत होती.

निकाल भाटकारांच्या बाजूने लागला. त्या एका शब्दानेच लागला असं काकांचे वकील म्हणत नाहीत. इतरही कारणं होती म्हणतात, तसाही लागला असता म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. अपील करता आलं असतं, पण काकांनी पाइप उघडलाच नाही. एकदाच सोप्यावर आले, सदरा न घालता. त्यांना माझ्याकडच्या फॉर्मची झेरॉक्स हवी होती, पाठच्या बाजूची.

"घर बरें काडलां," म्हणाले.

ते खरंच होतं. त्यांचं घर ज्यावर कोणी काढलं असा तो एकच कागद. मी झेरॉक्स दिली. त्यांनी ती सवयीने उलटी केली. या कागदाची पाठ कोरी होती.

गाय विकून ते मांद्र्याला मुलीकडे गेले. ती एका गेस्टहाउसमध्ये कामाला होती, मागच्या खोलीत राहत होती. त्यानंतर यंत्र आलं आणि सकाळी मी चहा घेत असताना दोन खोल्या पडल्या. हुकासकट भिंत खाली आली तेव्हा माझं नेट गेलं. मी कंपनीला फोन केला. भाटकारांचं पत्र या वेळीही तत्काळ आलं, वर त्यांनी झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. दोन महिने लागणारा खांब चार दिवसांत उभा राहिला. तोच बेळगावकडचा माणूस आला, त्याने नवा फॉर्म भरला, सहीसाठी पुढे केला. मी तो उलटा केला. एक मोठा चौकोन, एक खांब, मध्ये सरळ रेघ.

"इथे घर होतं," मी म्हटलं.

"व्हय की सर," तो म्हणाला. "पर आता न्हाई न्हवं."

मी सही केली. नेट पहिल्यापेक्षा वेगात चालू लागलं.

एकदा मी मांद्र्याला त्यांना भेटायला गेलो. गेस्टहाउसच्या मालकाने त्यांना फाटकावर बसवलं होतं. खुर्ची होती, डोक्यावर पत्रा होता, पत्र्याच्या दांडीला पाइप टांगलेला होता. खटल्यात भाटकारांनी त्यांना राखणदार म्हटलं होतं, ते आता खरं झालं होतं. एक गोरं जोडपं पासपोर्टच्या झेरॉक्स त्यांच्या हातात देऊन आत गेलं. काकांनी दोन्ही झेरॉक्स उलटून पाहिल्या आणि पेटीत टाकल्या.

माझ्याशी ते नेहमीसारखं बोलले. बायकोची शाळा विचारली. मग म्हणाले, "आतां वायर खंयच्यान येता?"

खांब घातलाय, मी सांगितलं.

त्यांनी जरा विचार केला. "पावसांत खांबो हालता," म्हणाले. "भिंत बरी."

ती शेवटची भेट. पुढच्या दिवाळीच्या आधी ते गेल्याचं त्यांच्या मुलीने कळवलं. पाइपाचं काय झालं हे मी तिला विचारू शकलो नाही.

आषाढात एका दुपारी नदीकडून वारा सुटला आणि खांब खरोखर हलू लागला. नेट येत होतं, जात होतं. त्याच वेळी भाटात नारळाचा टेम्पो शिरला. वायर खाली लोंबली होती. मी छत्री टाकून धावत बाहेर गेलो, पण बांबू कुठे ठेवलेला असे ते मला माहीत नव्हतं. मग तुळस होती त्या जागी उभं राहून मी दोन्ही हातांनी वायर उचलून धरली. टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं, इथे घर होतं त्यांच्यातले तुम्ही का?

मी नाही म्हटलं, आणि तो खालून निघून गेला.